आतेभावाची एकच लाथ

प्रश्न : ताई, मी वीस वर्षांचा आहे, धनकवडीत राहतो, इंजिनिअरिंगला आहे. रविवारी आतेभाऊ घरी येतो आणि आम्ही टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळतो. मी दोन महिने घालून जिन या कॅरॅक्टरचे कॉम्बो (एकामागोमाग लागणारे फटके) पाठ केले आहेत. तो एडी हे कॅरॅक्टर घेतो आणि नुसत्या खालच्या लाथा मारत राहतो. दहातल्या सात-आठ मॅच तोच जिंकतो. ‘ही चीटिंग आहे, नीट खेळ’ म्हटलं तर म्हणतो, ‘मग अडव ना.’ गेल्या रविवारी मी कंट्रोलर टाकून आत निघून गेलो. खेळायची मजाच गेली आहे. खालची लाथ मारायची नाही असा नियम करावा का?

उत्तर : नियम करू नकोस. असा नियम मी एकदा पाळला होता, म्हणून सांगते.

१९९६ च्या सुमाराला सदाशिव पेठेत आमच्या वाड्याजवळ व्हिडिओ गेम पार्लर होतं. स्ट्रीट फायटर २ चं मशीन, रुपयाचं नाणं, हरला तो उठणार. मी चुन-ली घ्यायचे. समोरचा ब्लॉक धरून, म्हणजे नुसते फटके अडवत, बसला की जवळ जाऊन त्याला फेकायचे. ब्लॉकवर थ्रो, म्हणजे ही फेक, चालतो, त्यासाठीच तर तो गेममध्ये ठेवलाय. पण पोरं ओरडायची, ‘फेकाफेकी नाही हां!’ मला खेळायला घेणार नाहीत या धास्तीने मी अख्खा मे महिना थ्रो सोडला. सगळे ब्लॉक धरून बसायचे आणि वेळ संपायची. जिंकले तरी काही वाटायचं नाही.

तिथे बँकेतले एक काका यायचे, धालसिम घ्यायचे. ते म्हणाले, ‘फेक ना बाळ, आधी जवळ तर ये.’ धालसिमच्या त्या लांब हातांनी त्यांनी मला जवळ येऊच दिलं नाही. माझी नऊ नाणी गेली. आणि त्या संध्याकाळी जेवढी मजा आली, तेवढी त्या पार्लरमध्ये आधी कधीच आली नव्हती. घरी जाताना डोक्यात एकच विचार होता, उद्या उडी नेमकी कधी मारायची.

तालमीत एखाद्या मल्लाचा पट काढण्यात हात बसलेला असतो. तेव्हा ‘पट काढू नकोस’ असं कुणी त्याला म्हणत नाही. वस्ताद त्या डावाची तोड शिकवतात. तू कॉम्बो पाठ केलेस ते चांगलंच आहे, पण समोर कोण बसलाय हे अजून बघत नाहीस. तुझा भाऊ बघतो. तुला खाली बसून अडवता येत नाही, हे त्याने केव्हाच ओळखलंय. ते ओळखणं हाच या खेळाचा गाभा आहे.

आता तोड. टेकन सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. मोठी खालची लाथ लागेपर्यंत साधारण वीस-पंचवीस फ्रेम जातात, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. ओळखीची लाथ असेल तर तेवढ्यात डोळ्यांना दिसते. प्रॅक्टिस मोडमध्ये डमीला एडीची तीच लाथ रेकॉर्ड करून दे, मध्येच एक उभी लाथही घाल, आणि खाली-मागे दाबून अडवायची सवय कर. मोठी लाथ अडवली गेली की मारणारा बहुतेक वेळा उघडा पडतो. तिथे उठता उठता मार. पण सतत बसून राहशील तर पोटावरची लाथ खाशील, कारण मिड, म्हणजे मधल्या उंचीचा, हल्ला बसलेल्यालाही लागतो. मग तोही बदलेल आणि खरी मॅच तिथून सुरू होईल.

२००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइकमध्ये दाइगो उमेहारा या खेळाडूच्या केनचा जीव केसाएवढा उरला होता. साधा ब्लॉक केला असता तरी थोडा जीव जातो आणि तो मेला असता. समोरच्या जस्टिन वाँगने नेमका तोच हिशेब करून चुन-लीची सुपर, म्हणजे सलग फटक्यांचा मोठा हल्ला, मारली. अगदी रास्त खेळी होती. दाइगोने पंधराच्या पंधरा फटके एकेक करून पॅरी केले, म्हणजे नेमक्या क्षणी जीव न गमावता परतवले, आणि उलट मॅच जिंकली. पुढे अंतिम सामना मात्र तो हरला. तरी ते पंधरा फटके लोक आजही बघतात. वाँगने ‘हे बरं दिसत नाही’ म्हणून सुपर मारलीच नसती, तर बघायला काय उरलं असतं?

एका गोष्टीत मात्र तुझी चूक आहे. पाहुणा आलेला भाऊ समोर असताना कंट्रोलर टाकून उठायचं नाही. त्याला फोन कर, रविवारी बोलाव. एखादा नवखा, लहान मुलगा खेळायला बसला तर हात आखडता घे, ते वेगळं. हा तुझ्या बरोबरीचा आहे. आधी सांग, की पहिल्या पाच मॅच मी फक्त तुझी लाथ अडवायला खेळणार आहे. पाचही हरलास तरी चालेल. किती लाथा अडवल्यास ते मोज, आणि त्याने एडी सोडून दुसरं कॅरॅक्टर घेतलं तर मला जरूर लिही.