घडीचे चाकू: कोणते ठेवावेत, कोणते काढावेत?

प्रश्न: घडीचे चाकू जमवतो. ३५ झालेत. निम्म्यांना हातही लागत नाही, तरी नवीन घेणं सुरूच. मर्यादा कशी घालावी?

उत्तर: आधी एका वहीत प्रत्येकाच्या पात्याची लांबी, पोलाद, किंमत आणि शेवटचा वापर लिहा. मग एकाच कामाचे चाकू शेजारी मांडा. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचे लाकडी मुठीचे ८ क्रमांकाचे चाकू (पातं ८.५ सेंमी) कार्बन आणि स्टेनलेस पोलादाचे असे दोन असतील, तर दोन्ही ठेवायला कारण आहे. कार्बनला धार चटकन लागते, पण लिंबू कापून तसाच ठेवला की डागाळतो. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे ९१ मिमीचे (मिटलेल्या चाकूची लांबी), तीच अवजारं असलेले तीन रंग मात्र खुशाल कमी करा.

वर्षाचं लक्ष्य आकड्यात हवं: ३५ वरून २०. नवा एक घ्यायचा तर आधी दोन काढायचे. नंतर काढू म्हटलं की राहूनच जातं. मनात भरलेला चाकू वहीत टिपून महिनाभर थांबा.

विकण्यापूर्वी सहाणेच्या यंत्रावर धार लावू नका. पातं झिजतं, तापून पोलादाचं पाणी (कठीणपणा) उतरतं आणि संग्राहक भाव पाडतात.

उरलेले चामड्याच्या म्यानात ठेवू नयेत, ते ओल धरतं. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ थर द्या, खोबरेल चिकटतं. पावसाळ्यात ओपिनेलची लाकडी मूठ फुगून पातं अडकलं, तर पातं जागी धरणारं मुठीवरचं धातूचं कडं मोकळं करून मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकं आपटा, पातं वर येतं. असा चाकू बिघडला समजून विक्रीच्या ढिगात टाकू नका, हिवाळ्यापर्यंत थांबा.