ससा घरात ठेवावा की अंगणात पिंजरा करून?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: घर अकोल्याला आहे आणि मागे अंगण आहे, सासूबाई म्हणतात घरात वास येईल, आणि दुकानदार तळाला जाळी असलेला पिंजरा घ्या म्हणतोय. घरातच ठेवा. आणि तो पिंजरा घेऊ नका.

आधी पिंजऱ्याचंच बोलतो. जाळीचा तळ आला तो मांसासाठी ससे पाळणाऱ्या फार्मवरून. लेंड्या खाली पडाव्यात आणि एका माणसाला ढीगभर पिंजरे पटापट साफ करता यावेत, एवढाच त्याचा उपयोग. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते दाट केस असतात. तारेवर सतत वजन पडलं की मागच्या टाचेचे केस झिजतात, कातडी लाल होते, मग जखम होते, आणि दुर्लक्ष झालं तर संसर्ग हाडापर्यंत जातो. ससा दुखणं लपवतो, त्यामुळे टाच उलटून पाहिल्याशिवाय पत्ता लागत नाही. तरीही ‘जाळीवर ससा स्वच्छ राहतो’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. जाळीवर ट्रे स्वच्छ राहतो, ससा नव्हे.

आता वास. निरोगी सशाच्या अंगाला जवळजवळ वास नसतो, वास येतो तो साचलेल्या मुताचा. ससा बहुधा ठरावीक कोपऱ्यातच मुततो आणि गवत खाता खाता लेंड्या टाकतो. त्याच कोपऱ्यात दीड-दोन फूट लांबीचा प्लास्टिकचा ट्रे ठेवा. तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर, वर वाळलेलं गवत, आणि खायचं गवतही ट्रेच्याच एका टोकाला. मांजरासाठी मिळणारी गोळा होणारी माती वापरू नका, ती पोटात गेली तर आतडं तुंबतं. ट्रे रोज रिकामा करा. पांढरे डाग बसतात ते मुतातल्या कॅल्शियमचे, पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. वयात आलेला नर भिंतीवर पिचकाऱ्या मारतो, खरा उग्र वास तो. त्यावर उपाय नसबंदी. साधारण चार-पाच महिन्यांनंतर करून घ्या, पण सशांची शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडूनच. आणि आदल्या रात्री उपाशी ठेवू नका. सशाला उलटी होतच नाही, उपाशी राहिला तर आतडं मंदावतं.

अंगणाला माझा विरोध आहे तो मुख्यतः उन्हामुळे. सशाला १५ ते २० अंश मानवतं, तिशीच्या वर तो त्रासात असतो. त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः कानच. अकोल्याचा मे महिना ४४-४५ वर जातो. पत्र्याखालचा पिंजरा त्या दिवसांत भट्टी होतो. कान तापलेले, तोंड उघडं ठेवून श्वास, लाळ, अंग टाकून पडणं, ही उष्माघाताची लक्षणं. कान साध्या पाण्याने ओले करा आणि तडक डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका, धक्का बसतो.

दुसरं कारण रात्र. कोंबड्यांची षटकोनी जाळी कुत्रा फाडतो, तिच्या भोकातून साप येतो आणि मुंगूस, घूस खालून उकरतात. बोका नुसता पिंजऱ्याभोवती फिरला तरी ससा घाबरून मरू शकतो. पावसाळ्यात मागचा भाग ओला किंवा घाण राहिला तर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात.

घरात मात्र वायरी सांभाळा. दात लागतील तिथल्या सगळ्या पीव्हीसी पाइपात घाला. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, घट्ट विणीची सतरंजी टाका. दिवसभर कोंडू नका. कुंपण घालायचंच तर निदान १० बाय ६ फूट.

थंडीत तासभर अंगणात सोडायला हरकत नाही, समोर बसून. आणि घरात खरंच जागा नसेल तर व्हरांडा: पूर्ण सावली, लाकडी किंवा पक्का तळ, बाजूंना अर्धा इंची वेल्डमेश (सांधे वेल्ड केलेली मजबूत तारेची जाळी), दाराला दोन कड्या, रात्री आणि मार्च ते जून आत. बाहेर गोचिड्या लागल्या तर कुत्र्याचं फिप्रोनिलचं औषध लावू नका, ते सशाला विषारी आहे.