मोतीबिंदूला महागडी लेन्स टाकावी की साधी चालेल?

तुम्ही विचारलंय की वडील 68 चे आहेत, हॉस्पिटलने 26 हजार आणि 80 हजार अशी दोन पॅकेजं सांगितलीत, तर महागाचं घेतलं की जास्त दिसतं का. मी डॉक्टर नाही, पण गेल्या वर्षी आईचे दोन्ही डोळे करून घेतले त्यावरून सांगतो.

आमच्याकडे पैशाचं बोलायला डॉक्टर नव्हतेच, एक काउन्सेलर मॅडम लॅमिनेट केलेलं रेटकार्ड घेऊन बसल्या होत्या आणि मल्टीफोकलवर (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी, महागातली लेन्स) बोट ठेवून म्हणाल्या, "आईसाठीच करताय ना सर?" आता यावर माणूस काय बोलणार, मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. मग आत डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा तपासला, आईला 15 वर्षं शुगर आहे, पडद्यावर थोडा परिणाम झालेला, तर ते स्वतःच म्हणाले की हिला मल्टीफोकल नको.

कारण असं की साध्या मोनोफोकलने लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. मल्टीफोकल उजेड लांबच्या-जवळच्यासाठी वाटून घेते, त्यामुळे चष्मा बराचसा सुटतो पण कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो आणि काहींना रात्री गाड्यांच्या लाइटभोवती कडी दिसतात. म्हणजे जास्तीचे पैसे बहुतेक चष्मा सुटण्याचे, नजर वाढण्याचे नाहीत. चष्म्याचा नंबर तिरका (सिलिंड्रिकल) असेल तर तो भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सला पैसे घालण्यात अर्थ आहे, तिथे खरंच फरक पडतो.

आणि स्वस्त म्हणजे हलकी असं मनात आणू नका. बाहेरून येणाऱ्या लेन्स गरिबाला परवडत नव्हत्या म्हणून मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांनी 1992 ला ऑरोलॅब ही लेन्स बनवणारी संस्था काढली, आज त्यांच्या लेन्स शंभरावर देशांत जातात.

वडील दिवसभर काय करतात ते डॉक्टरांना सांगा, काउन्सेलरला नाही. रात्री गाडी चालवतात का, पेपर किती वाचतात, चष्म्याचा खरंच वैताग आहे का. आमची आई 40 वर्षं चष्मा लावतेय, तिला तो काढायचाच नव्हता (उलट चष्म्याशिवाय चेहरा उघडा वाटतो म्हणते). आता दोनशेचा रेडीमेड चष्मा दोरीला अडकवून तांदूळ निवडते.

मेडिक्लेम असेल तर मोतीबिंदूला लिमिट किती आणि वेटिंग पिरियड संपलाय का ते तारीख घ्यायच्या आधी बघा, आमच्या पॉलिसीत एका डोळ्याला 25 हजारच होते आणि ते आम्हाला डिस्चार्जच्या काउंटरवर कळलं.