बी.एड. सोडवून थायलंडला?

(बार्शीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी एम.ए. इंग्रजी, ५७ टक्के, सध्या बी.एड.च्या पहिल्या वर्षाला. एक एजन्सी २ लाख ४० हजार रुपयांत ऑनलाइन टेफल कोर्स (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण) आणि थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी असं पॅकेज देते. ‘बी.एड. लागतच नाही, आत्ता टुरिस्ट व्हिसावर पाठवू, पुढचं तिथे होईल’, असं एजन्सीने सांगितलंय. महिनाअखेर २५ हजार टोकन भरायचं आहे. मुलगी कोर्स सोडायला तयार नाही. तिला समजवावं आणि टक्के आडवे येतील का ते सांगावं, असं ते लिहितात.)

नमस्कार,

टक्क्यांची काळजी सोडा. ५७ टक्क्यांनी इथे काही बिघडत नाही. मी थांबले ते तुमच्या दुसऱ्याच वाक्यापाशी: ‘चुलतभावाचा मुलगा जर्मनीला गेल्यापासून भावकीत खाली बघावं लागतं.’ तो मुलगा गेला, त्याचं भलं होवो. पण त्याला उत्तर म्हणून तुमच्या मुलीने विमानात बसायचं, हे काही मला पटत नाही. शिवाय ती नको म्हणतेय, तर तिला पटवायचं काम माझ्याकडे!

तुम्हीच लिहिलंय की ती रात्री बारापर्यंत पाठ टाचण काढत बसते, सराव पाठ झाला की सातवीच्या पोरांनी काय काय उत्तरं दिली तेच जेवताना सांगत राहते, ‘दुसरा विषयच नाही’. ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय. बी.एड.च्या वर्गात निम्मी मुलं पाठ कसेबसे उरकत असतात हो. ज्याला शिकवण्याची अशी ओढ असते त्याला त्या कोर्समधून उठवायचं म्हणजे हातचं घालवणं आहे.

आता त्या ‘बी.एड. लागतच नाही’बद्दल. इंग्रजी बरं असलं आणि टेफलचं सर्टिफिकेट मिळालं की कुठल्याही देशात शिकवता येतं, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात अनेक देश आधी पासपोर्ट बघतात. दक्षिण कोरियाचा शाळांसाठी परदेशी इंग्रजी शिक्षक नेमणारा सरकारी ‘एपिक’ कार्यक्रम अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. तुमच्या मुलीचं इंग्रजी त्यातल्या चार जणांपेक्षा सरस असलं तरी त्या यादीत ती बसत नाही. हा अन्याय आहे, पण नियम तोच आहे. गंमत म्हणजे कोरियात भारतीयांसाठी एक वेगळं दार आहे. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून भारतीयाला व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी मागतात काय? पदवी, आणि इंग्रजी शिकवण्याची शिक्षक-पात्रता. थायलंडमध्ये शिक्षणाची पदवी नसलेल्याला तिथल्या शिक्षक परिषदेकडून जी परवानगी मिळते ती तात्पुरती, ठरावीक मुदतीची असते. आखातातल्या सीबीएसई शाळांची जाहिरात काढून बघा, बी.एड. पहिल्या दोन ओळींत दिसेल. जी पदवी तुम्ही अर्ध्यावर सोडायला सांगताय, तीच तिला बाहेर नेऊ शकते.

टेफलला मी नावं ठेवत नाही. पण घरी बसून प्रश्नमंजुषा सोडवल्या की हाती येणारं सर्टिफिकेट वेगळं आणि केंब्रिजचं सेल्टा वेगळं. सेल्टामध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, परीक्षक समोर बसलेला असतो. करायचंच तर बी.एड.नंतर ते करू दे.

पैशाचं सरळ सांगते. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतं. नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. ‘आम्ही एजंट नाही, ट्रेनिंग देतो’ असं ते म्हणतील. मग नोकरीची हमी कशाच्या जोरावर देतात, ते विचारा. उलट परदेशी तरुणांना शाळांत इंग्रजी शिकवायला नेणारा जपान सरकारचा जेट कार्यक्रम बघा, तो १९८७ पासून चालू आहे. त्यात अर्जाला फी नाही आणि जाण्याचं विमानभाडंही तिकडचेच भरतात.

टुरिस्ट व्हिसावर मात्र मुळीच पाठवू नका. वर्क परमिटशिवाय वर्गात उभं राहणं तिथे गुन्हा आहे, आणि पकडली जाईल ती तुमची मुलगी, एजंट नव्हे. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली नेऊन पुढे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीय तरुणांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच सावध केलं होतं. तुमची एजन्सी तसलीच आहे असं मी म्हणत नाही. पण शाळेचं नाव आणि सहीचा करार हातात नसताना कुणीच जाऊ नये.

इथल्या नोकरीचं म्हणाल तर टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरची शिक्षक भरती हा रस्ता तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. नोकरीसाठी संस्थांमध्ये मागितल्या जाणाऱ्या डोनेशनबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. बी.एड. झाल्यावर तिला स्वतःला बाहेर जावंसं वाटलं तर मला लिहा, कागदपत्रांची पुढची माहिती देईन.

टोकन भरू नका. भरलंच असेल तर पैसे परत मागणारा ईमेल आजच करा, पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे हमीचे मेसेज जपून ठेवा. नाहीच दिले तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते.