मुलाचा दुसरा सीटी स्कॅन आणि पोटातले बाळ

ताई, तुमच्या प्रश्नात दोन काळज्या एकमेकींत मिसळल्या आहेत. सहा वर्षांचा मुलगा झोपाळ्यावरून पडला, डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये कवटीला बारीक चीर दिसली, रक्तस्राव मात्र नव्हता, आणि आता आठ दिवसांनी पुन्हा सीटी काढून आणायला सांगितले आहे, ही पहिली. पहिल्या स्कॅनच्या वेळी लेड ॲप्रन (किरण अडवणारा शिशाचा अंगरखा) घालून मुलाला धरून तुम्ही यंत्राशेजारी उभ्या होतात आणि आपल्याला दुसरा महिना चालू आहे हे तुम्हाला नंतर कळले, ही दुसरी. मी सत्तावीस वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील, पण किरणांविषयी जे नक्की माहीत आहे ते सांगतो.

बाळाविषयी आधी लिहितो, कारण गर्भपाताचा विचार मनात येऊन गेल्याचे तुम्ही कळवले आहे. तो विचार कृपा करून सोडून द्या. गर्भाला मिळणारी मात्रा १०० मिलिग्रेपेक्षा (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) कमी असेल, तर केवळ किरणांच्या कारणावरून गर्भपात करू नये, असे आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २००० सालीच स्पष्ट केले आहे. खुद्द आईच्या पोटाचा सीटी काढला, तरी गर्भाला साधारण १० ते २५ मिलिग्रे मिळतात. तुमच्या बाबतीत मूळ किरण मुलाच्या डोक्यावर होते. तिथून विखुरलेले किरण तुमच्यापर्यंत येताना क्षीण झाले, त्यातले बहुतेक ॲप्रनच्या शिशाने अडवले, आणि उरले त्यातला काही भाग तुमच्या शरीरात शोषला गेला. गर्भापर्यंत पोहोचलेली मात्रा एका मिलिग्रेच्याही पुष्कळ खाली असणार. तरीसुद्धा पुढच्या वेळी मुलाला धरायला त्याच्या बाबांना किंवा आजीला पाठवा. गर्भवती स्त्रीने आत थांबू नये हा नियम योग्यच आहे, आणि आत पाठवण्यापूर्वी तुम्हाला तसे विचारले गेले नसेल, तर ती त्या विभागाची चूक होती, तुमची नव्हे.

आता मुलाविषयी. क्ष-किरण शरीरात साठून राहत नाहीत. यंत्र थांबले की ते संपतात. मात्र जाताना ते अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. पेशीतल्या पाण्याचे विघटन होऊन अतिशय क्रियाशील घटक तयार होतात आणि ते डीएनएच्या साखळीवर आघात करतात. एकच धागा तुटला तर पेशी तो बहुधा बिनचूक सांधते. दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटले, तर दुरुस्ती कधीकधी चुकीची होते, आणि अशी चूक घेऊन पेशी जिवंत राहिली, तर कित्येक वर्षांनी तिच्यातून कर्करोग उद्भवण्याची शक्यता उरते. मुलांच्या पेशी वेगाने विभागतात आणि त्यांच्यापुढे आयुष्यही मोठे असते, म्हणून त्यांच्याबाबत अधिक जपावे लागते.

कातडी लाल होणे किंवा केस गळणे हे परिणाम निराळ्या जातीचे आहेत. ते ठरावीक मात्रा ओलांडल्याशिवाय होत नाहीत, आणि त्वचेच्या बाबतीत ती पातळी सुमारे २ ग्रे, म्हणजे २००० मिलिग्रे आहे. नीट चालवलेल्या डोक्याच्या साध्या सीटीत आपण तिच्या जवळपासही जात नाही. लॉस एंजेलिसमधल्या एका रुग्णालयात मात्र मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या सीटीसाठी यंत्राची मांडणी चुकली आणि सुमारे दीड वर्ष २०६ रुग्णांना नेहमीच्या आठपट मात्रा मिळत राहिली. २००९ साली एका रुग्णाने केस गळाल्याची तक्रार केली, तेव्हा ते उघडकीस आले.

डोक्याच्या एका सीटीची परिणामी मात्रा, म्हणजे संपूर्ण शरीराला होणाऱ्या धोक्याच्या हिशेबाने काढलेली मात्रा, साधारण २ मिलिसिव्हर्ट (या मात्रेचे एकक) असते. जगात माणसाला जमिनीतून, हवेतून आणि अवकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे हा हिशेब सुमारे दहा महिन्यांच्या नैसर्गिक मात्रेचा झाला. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा याच्या सुमारे शंभराव्या भागाइतकीच असते, तरीही लोक एक्स-रेला घाबरतात आणि सीटी मात्र स्वतःहून मागतात, याची मला खरोखर खंत वाटते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या दीर्घ अभ्यासात सुमारे १०० मिलिसिव्हर्टच्या खाली वाढीव धोका वेगळा काढणे फार अवघड गेले. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे पिढ्यान्‌पिढ्या जास्त मात्रा सोसणाऱ्या लोकांमध्येही कर्करोग वाढलेला आढळला नाही. एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये, कारण तिथली मात्रा संथपणे मिळते आणि सीटीची काही सेकंदांत. युरोपातील नऊ देशांत सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की सीटी काढलेल्या दर १०,००० मुलांमागे पुढील साधारण बारा वर्षांत एखाद-दोन मुलांना त्या किरणांमुळे रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता आहे. तुमच्या एका मुलापुरती ही शक्यता फार लहान आहे, आणि मेंदूतला रक्तस्राव वेळेत ओळखण्यासाठी ती पत्करणे योग्यच होते. पहिल्या सीटीबद्दल मनात कोणताही सल ठेवू नका.

दुसऱ्या सीटीला मात्र प्रश्न विचारलाच पाहिजे. ‘या स्कॅनमध्ये काय दिसले तर उपचार बदलतील?’ एवढेच डॉक्टरांना शांतपणे विचारा. मुलगा शुद्धीवर असेल, नीट खात-खेळत असेल, उलट्या नसतील, तर बारीक चिरेसाठी पुष्कळदा तपासणी आणि निरीक्षण पुरेसे ठरते. ती चीर भरली की नाही हे पाहण्यासाठी म्हणून सीटी काढण्याची गरज सहसा पडत नाही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, सुस्ती, झटके किंवा चालण्या-बोलण्यात फरक दिसला, तर एक तासही न दवडता रुग्णालयात जा आणि तेव्हा किरणांचा विचारही करू नका.

सीटी काढायचाच ठरला, तर लहान मुलांचा प्रोटोकॉल, म्हणजे मुलांसाठी ठरवलेली यंत्राची मांडणी, वापरणार ना, हे तंत्रज्ञाला आवर्जून विचारा. मी एका रुग्णालयात नव्याने रुजू झालो, तेव्हा तिथे मुलांचेही सीटी मोठ्यांच्याच मांडणीवर निघत होते. जास्त मात्रेने चित्रे अधिक स्वच्छ येतात, त्यामुळे कोणाचीच तक्रार नव्हती. पूर्वी जास्त किरण पडले की फिल्म काळी पडून चूक लगेच कळायची. संगणकावरच्या चित्रात ती लपून राहते. मी पहिले काही आठवडे गप्प बसलो, याचे मला आजही वाईट वाटते. नंतर मुलांचे वय आणि डोक्याचा आकार पाहून नवी मांडणी केली, तेव्हा पुष्कळ कमी मात्रेत निदानाला पुरेशी चित्रे मिळू लागली.

केंद्राकडे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच नको. पहिल्या स्कॅनची सीडी सोबत न्या, नाहीतर केवळ तुलनेसाठी जुनाच स्कॅन पुन्हा काढला जातो. त्या सीडीवर बहुधा शेवटी ‘डोस रिपोर्ट’ नावाचे एक पान असते. त्याची छापील प्रत मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवून द्या. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांनाही झालेला प्रसंग तारखेसह सांगा, आणि नेहमीच्या सोनोग्राफी ठरल्याप्रमाणे करून घ्या. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच.