मुलगा बेंचवर बसतोय, म्हणजे संपलं का?

व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाऊल ठेवलेल्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा सांगण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी असते, पण काळजी एकच असते. "अकादमीत हा सगळ्यांच्या पुढे होता. करार झाला, मुख्य संघात गेला आणि तिथूनच बिघडत गेलं. आता नुसता बेंचवर असतो. सुरू होण्याआधीच संपतंय का सगळं?" विंगर म्हणून, म्हणजे मैदानाच्या कडेने आक्रमण करत खेळणाऱ्या मुलांच्या घरून हा प्रश्न जरा जास्तच येतो. त्यामागचं कारण एका मुलाच्या अनुभवातून नीट समजेल. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्याची व घरच्यांची संमती आहे.

मुलगा १९ वर्षांचा. डाव्या पायाचा, पण उजव्या बाजूने खेळणारा, म्हणजे बाहेरून आत वळून डाव्या पायाने फटका मारणारा विंगर. पहिल्या हंगामात आधी शेवटची पंधरा-वीस मिनिटं मिळायची. त्यात एक सुरेख गोल झाला आणि तो थेट पहिल्या अकरात आला. मग मिनिटं घटत गेली. वडील सोबत आले होते. त्यांच्या मोबाइलमध्ये प्रत्येक सामन्याची तारीख आणि त्यापुढे मुलाला मिळालेली मिनिटं अशी यादी होती. ती त्यांनी माझ्यासमोर धरली. मुलगा तिकडे न बघता एवढंच म्हणाला, "मॅडम, माझा टच गेलाय."

टच गेला म्हणजे नेमकं काय, ते त्याला सांगता येईना. क्लबचा विश्लेषक खेळाडूंना त्यांच्या खेळाचे तुकडे देतो, ते घेऊन ये म्हटलं. मी फुटबॉलची प्रशिक्षक नाही, त्यामुळे आवाज बंद करून क्लिप लावायची आणि काय दिसतंय ते त्यानेच मला सांगायचं, असं ठरलं.

आधी अकादमीच्या क्लिप. बॉल यायच्या आधी तो खांद्यावरून एकदा मागे बघतो. अंग अर्धं वळलेलं, बॉल गोलच्या बाजूच्या पायावर घेतो आणि पहिल्या स्पर्शातच समोरच्या फुलबॅककडे, म्हणजे कडेच्या बचावपटूकडे, तोंड करतो. फुलबॅक दोन पावलं मागे सरकतो. मग मुख्य संघाच्या क्लिप. बॉल येतो, पाठ प्रतिस्पर्ध्याकडे, तोंड स्वतःच्या गोलकडे, एका स्पर्शात बॉल मागच्या सहकाऱ्याकडे. पुढच्या क्लिपमध्ये तेच, त्यापुढच्यातही तेच. थोड्या वेळाने त्यानेच व्हिडिओ थांबवला. "मी वळतच नाहीये."

कधीपासून, असं विचारल्यावर तो सामना बाहेर आला. मध्यरेषेजवळ त्याने एकाला चुकवायचा प्रयत्न केला, बॉल गेला, प्रतिस्पर्धी सुसाट सुटले आणि गोल झाला. मागे खेळणारा अनुभवी सहकारी सगळ्यांदेखत हात उडवून त्याच्यावर ओरडला. कोच मात्र काहीच बोलले नाहीत, ना तेव्हा, ना ड्रेसिंग रूममध्ये. पुढच्या सामन्यात तो बेंचवर. "ते बोलले नाहीत मॅडम, म्हणजे त्यांनी माझ्या नावावर काट मारली."

या वयाच्या खेळाडूंत मला हे फार दिसतं. समोरचा गप्प राहिला की ती रिकामी जागा मूल स्वतःच्या सगळ्यांत वाईट शंकेने भरतं आणि मग तीच खरी धरून वागायला लागतं.

विंगरला याचा फटका जास्त का बसतो? मधल्या बचावपटूचे बहुतेक पास बरोबर जाणं अपेक्षितच असतं. विंगरचं कामच समोरच्याला अंगावर घेण्याचं. जगातल्या उत्तम विंगरांचेही ड्रिबलचे, म्हणजे बॉल पायाशी ठेवून समोरच्याला चुकवण्याचे, कितीतरी प्रयत्न फसतात. पण जमलेल्या एखाद्या प्रयत्नातूनही सामना फिरतो. म्हणजे या जागेवरच्या खेळाडूला हजारोंसमोर वारंवार बॉल गमवावा लागतो आणि पुढच्या वेळी तितक्याच बेधडकपणे पुन्हा जावं लागतं. अकादमीत फसलेल्या प्रयत्नाची फारशी किंमत नसते. मुख्य संघात मात्र गुण, क्रमवारी, कोचची नोकरी असं सगळं पणाला लागलेलं असतं. मुलाला ते कळतं आणि तो स्वतःला वाचवायला लागतो. मागे दिलेल्या पासबद्दल कुणी ओरडत नाही. पण सुरक्षित पास देणारे संघात आधीच पुष्कळ असतात, मग कोच याला का उतरवतील? बेंचवर बसल्याने भीती वाढते, भीतीने तो आणखी मागे पास देतो आणि त्यामुळे पुन्हा बेंच. हे चक्र घरच्यांना बाहेरून दिसत नाही. त्यांना दिसतात फक्त मिनिटं.

चक्र तोडायला सुरुवात केली ती मोजण्यापासून. किती ड्रिबल जमले हे मोजायचं बंद. बॉल मिळाल्यावर कितीदा वळून फुलबॅकसमोर उभा राहिला, एवढंच सरावात मोजायचं. बॉल पुढे गेला तरी तो मोजायचा, गमावला तरी मोजायचा. निकाल त्याच्या हातात नव्हता, वळणं होतं.

दुसरी गोष्ट कोचशी बोलण्याची. "मला का खेळवत नाही?" हे विचारायला तो उतावीळ झाला होता. या प्रश्नाला कोच बचावाचंच उत्तर देतात, "मेहनत कर, संधी मिळेल." त्यातून हाती काही लागत नाही. आम्ही खोलीत तालीम केली, मी कोच झाले. बरीच वाक्यं खोडल्यावर प्रश्न असा उरला: "बॉल मिळाल्यावर मी कुठे अंगावर जावं आणि कुठे मागे द्यावा, असं तुम्हाला वाटतं?"

तो विचारून आला तेव्हा चेहराच सांगत होता. कोच म्हणाले होते, प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजवळच्या भागात बॉल हवा तितका गमाव, फक्त गमावल्यावर पहिली पाच पावलं जोरात मागे पळ. मध्यरेषेजवळ मात्र जपून. आणि पुढच्या सामन्यातून काढलं ते त्या गोलमुळे नव्हतंच. फिजिओने मांडीच्या मागच्या स्नायूंवर ताण दिसतोय असं कळवलं होतं. व्यावसायिक फुटबॉलमध्ये स्नायूंच्या दुखापतींत हॅमस्ट्रिंगची, म्हणजे याच स्नायूंची दुखापत सगळ्यांत जास्त होते आणि सतत वेगात धावणाऱ्या विंगरला तिचा धोका मोठा. मुख्य संघात नव्याने आलेल्या मुलाची मिनिटं मुद्दाम कमी ठेवण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. कोचने हे त्याला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, हे माझं स्पष्ट मत आहे. एका वाक्याने मुलाचे कित्येक आठवडे वाचले असते.

बेंचवरच्या वेळेचंही आम्ही काम ठरवलं. आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरवता येतात, २०२२ मध्ये ही मुभा खेळाच्या नियमांत कायमची आली. दमलेल्या फुलबॅकसमोर ताजा विंगर सोडणं हा कोचचा आवडता डाव असतो. मग बेंचवरून काय बघायचं? फुलबॅकचा कमजोर पाय कोणता, त्याला पिवळं कार्ड मिळालंय का, साठाव्या मिनिटानंतर तो माघारी यायला उशीर करतो का, त्याच्या मदतीला कोण धावतं. आधी तो बेंचवर बसून स्वतःविषयी विचार करायचा. आता त्याच्याकडे समोरच्या माणसाविषयी विचार करायला काहीतरी होतं.

वडिलांशी वेगळं बोलले. प्रत्येक सामन्यानंतर अर्ध्या तासाच्या आत त्यांचा फोन जायचा आणि पहिला प्रश्न मिनिटांचा असायचा. मुलाला शिक्षण सोडू दिलं याची बोच त्यांना आतून खात होती. तो निर्णय चुकला तर दोष आपला, या भीतीपोटी ते यादी करत होते. हे बोलताना त्यांचा आवाज भरून आला. ठरलं असं की सामन्याच्या रात्री फुटबॉलचा विषय काढायचा नाही, दुसऱ्या दिवशी मुलाने काढला तर बोलायचं. मुक्त विद्यापीठासारख्या मार्गाने शिक्षण पुन्हा सुरू करण्याचंही त्या दोघांनी मिळून ठरवलं. खेळाव्यतिरिक्त काहीतरी आपलं आहे, हे माहीत असलेला मुलगा मैदानात जास्त मोकळा खेळतो, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं आईवडील स्वतःच काढतात. ती खरी आहेत. सर्ज ग्नाब्रीला २०१५ मध्ये आर्सेनलने वेस्ट ब्रॉमला लोनवर, म्हणजे काही काळासाठी दुसऱ्या क्लबकडे खेळायला पाठवलं, तिथे लीगमध्ये तो एकदाच, तोही बदली म्हणून उतरला. २०२० मध्ये तो बायर्न म्युनिककडून चॅम्पियन्स लीग जिंकला. टॉटनहॅममध्ये आल्यावर गॅरेथ बेल लीगच्या ज्या पहिल्या २४ सामन्यांत खेळला, त्यांतला एकही संघाने जिंकला नव्हता. चेल्सीत फारशी संधी न मिळालेल्या मोहम्मद सलाहने लिव्हरपूलकडून २०१७-१८ च्या लीगमध्ये ३२ गोल केले. बेंचवर बसणं म्हणजे शेवट नव्हे, एवढं यातून नक्की कळतं. बेंचवरचा प्रत्येक मुलगा तिथवर पोचेल, असं मात्र कळत नाही. करार झालेली कितीतरी मुलं विशीतच या खेळातून बाहेर पडतात, आणि हे मी आईवडिलांपासून लपवत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र समुपदेशनावर थांबू नये. आठवडेच्या आठवडे झोप नसणं, सरावाला जाण्याआधी उलट्या, वेदनाशामक गोळ्या किंवा दारूचा आधार, पैजांचा नाद, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं. यातलं काहीही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच न्यावं.

हा मुलगा हंगामाच्या मध्याला खालच्या श्रेणीतल्या एका क्लबकडे लोनवर गेला. घरी ती पदावनती वाटली. त्याला तिथे जवळजवळ प्रत्येक आठवड्याला खेळायला मिळालं. पहिल्या सामन्यात सुरुवातीलाच त्याने लागोपाठ बॉल गमावला, दर वेळी ती पाच पावलं मागे पळाला आणि पुन्हा बॉल मागितला. ती क्लिप त्याने मला स्वतःहून दाखवली. आता तो मूळ क्लबमध्ये परत आहे. पहिल्या अकरात त्याची जागा अजून पक्की नाही, बहुतेकदा तो उत्तरार्धात उतरतो. सध्या त्याची तक्रार वेगळी आहे. फुलबॅकला चुकवून पुढे गेल्यावर त्याचा क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला बॉल, पहिल्याच बचावपटूवर आदळतो. त्यासाठी त्याला माझी गरज नाही, सराव संपल्यावर तो सहायक कोचबरोबर थांबतो.