पहिल्या पावसानंतर सड्यावर फुलणारं हे पांढरं फूल कोणतं? कांदा आणून कुंडीत लावला तर जगेल का?

राजापूरकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, जूनअखेरीस गुडघाभर दांड्यांवर पांढरी फुलं, आणि उपटल्यावर खाली कांदा, असं तुम्ही लिहिलंय. ही दीपकाडी, शास्त्रीय नाव डिपकाडी कोंकणेन्स. खात्री करायची तर फूल हातात न घेता खाली वाकून बघा. सहा पाकळ्या बुडाशी जुळून त्यांची नळी झालेली असते, टोकं तेवढी बाहेर वळलेली. हिच्याशी गल्लत होऊ शकते त्या पांढऱ्या मुसळीच्या पाकळ्या सुट्या आणि पसरलेल्या असतात. दीपकाडीचं फळ तीन धारांचं, आत काळ्या चपट्या बिया.

कुंडीचं म्हणाल तर नकोच. हे झाड सड्याचं आहे. तिथे जांभ्याच्या खळग्यात वीतभरसुद्धा माती नसते आणि मे महिन्यात कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. तेव्हा वर पानाचा मागमूस नसतो, खाली कांदा निजलेला. सरी पडल्या की गवत आणि तेरडा माजायच्या आत त्याला पानं, फुलं, बी सगळं उरकायचं असतं. दवबिंदू, सीतेची आसवं ही सड्यावरची इतर फुलझाडं मागाहून येतात. कुंडीत आपण रोज पाणी घालणार, आणि निजलेला कांदा कुजणार. शिवाय हे बहुवर्षायू झाड, म्हणजे एक कांदा उपटला की पुढच्या कित्येक पावसांची फुलं गेली.

आणि ही जात जगात सापडते ती कोकण-गोव्याच्या या पट्ट्यातच. सातबाऱ्यावर मात्र सडा म्हणजे पोटखराबा, लागवडीला निरुपयोगी जमीन! मग तिथे चिरेखाण निघते, नाहीतर सुरुंग लावून खड्डे मारतात, बाहेरची माती भरतात आणि कलमं लावतात. (आंब्यावर राग नाही, आमचं घर त्यावरच चालतं. पण सगळाच सडा कलमांखाली कशाला?)

पुन्हा बघायची असेल तर राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावच्या सड्यावर जा. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांत तिथलं शिल्प आहे, दीपकाडीही तिथे आहे. चालताना पायाखाली बघा.

उपटलेला कांदा अजून टणक असेल तर शेंडा वर ठेवून त्याच खळग्यात पुरा आणि भोवती दोन-चार दगड रचा, म्हणजे गुरं तुडवणार नाहीत.